कॉलेजचं नाव झाका, काम तपासा

मुंब्रा, भिवंडी किंवा मालेगावच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेल्या मुलानं वा मुलीनं इन्व्हेस्टमेंट बँकेत जायचंय म्हटलं, की घरचे, मोहल्ल्यातले, कधी कधी सरसुद्धा एकच सांगतात, ‘ते आपल्यासाठी नाही.’ हे बोलणं आता थांबवलं पाहिजे. पण आधी ते येतं कुठून, हे पाहू.

मुंबईतल्या मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका नवी भरती मुख्यतः आयआयएम आणि मोजक्या नामांकित संस्थांच्या कॅम्पसवर करतात. बाकीच्यांनी ऑनलाइन अर्ज करायचा आणि वाट पाहायची. याला म्हणे मेरिट! सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार सगळ्या आयआयएममध्ये मिळून मुस्लिम विद्यार्थी होते अवघे १.३ टक्के. जिथे आपण जवळपास नाहीच, तिथूनच माणसं निवडायची आणि वर सांगायचं, ‘आम्ही धर्म पाहत नाही’. पाहायची गरजच काय? ती निवड गेटवरच झालेली असते.

दुसरी चाळणी आपल्या नावाची. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जापेक्षा बरीच कमी निघाली.

हे सगळं मान्य. तरीही ‘मग प्रयत्न कशाला?’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. या नोकरीत नवख्याचं काम काय असतं? ताळेबंद वाचणं, एक्सेलमध्ये कंपनीची किंमत काढणं, आयपीओची किंवा विलीनीकरणाची कागदपत्रं तयार करणं, आणि तेही रात्री उशिरापर्यंत. यातलं काहीही फक्त आयआयएमच्या भिंतींआड शिकता येतं असं नाही. आयपीओचे मसुदे सेबीच्या वेबसाइटवर फुकट वाचायला मिळतात, नोंदणीकृत कंपन्यांचे वार्षिक अहवाल बीएसईच्या.

सीएच्या परीक्षेत सगळ्यांना एकच पेपर असतो, कॉलेज कुणी विचारत नाही. नव्या सीएंसाठी त्यांची संस्था स्वतः कंपन्यांना बोलावून मुलाखती घडवून आणते. सीएफएच्या तीन पातळ्यांचंही तसंच, कॉलेजचं नाव आड येत नाही. तिची फी डॉलरमध्ये आणि जड आहे, पण गरजूंना मोठी सवलत देणारी शिष्यवृत्तीही आहे. अर्ज करा.

एक कंपनी निवडा. तिचे पाच वर्षांचे आकडे मांडा, किंमत काढा, ती का काढली ते दोन पानांत लिहा. ते घेऊन लहान मर्चंट बँकांची, सल्लागार फर्मची दारं ठोठवा. पहिली नोकरी लहान जागी मिळाली म्हणून लाजू नका. दोन वर्षं खरं काम केलेल्या माणसाला पुढच्या मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं.

आता आपल्या संस्थांना दोन शब्द. दर वर्षी निकाल लागले की हॉल भरतो, शाल, ट्रॉफी, भाषणं होतात. त्यानंतर त्या मुलांचं काय झालं, हे किती जणांनी विचारलं? एका सत्काराच्या खर्चात काही मुलांची परीक्षा फी निघते. आणि आपल्यातले जे बीकेसीच्या काचेच्या इमारतींत पोहोचले आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार मुलांचे बायोडेटे तपासायला, मुलाखतीचा सराव घ्यायला द्यावा. वर चढून शिडी ओढून घेऊ नये.

बँकांकडे मागणी एकच. पहिल्या फेरीत उमेदवाराचं आणि कॉलेजचं नाव झाका. सगळ्यांना एकाच कंपनीचे आकडे द्या, एकच वेळ द्या आणि उत्तरं तपासा. जो नापास होईल, तो घरी जाईल, मग तो आयआयएमचा असो की भिवंडीचा. आम्ही सवलत मागत नाही. पेपर तरी हातात द्या.