टेकू कोण तपासतो?

जूनमध्ये पाऊस धरला की पाचगणीतली बांधकामे अर्ध्यावर थांबतात. कुठे गिलावा राहिलेला असतो, कुठे वरचा स्लॅब भरायचा असतो, आणि खाली लोखंडी जॅक, बल्ल्या, फळ्या तशाच उभ्या असतात. धुके, वारा आणि पाणी खात त्या चार महिने काढतात. दिवाळीच्या सुमारास मिस्त्री परततात, सळई बांधून होते, काँक्रीटची तारीख ठरते. त्या टेकूंच्या पायाशी वाकून पाहण्याचे काम कोणाचे, हे मात्र बहुतेक ठिकाणी ठरलेलेच नसते.

परांची किती दिवसांनी तपासावी असे विचारले तर आठवड्यातून एकदा, असे उत्तर मिळते. ब्रिटनमध्ये २००५ च्या नियमांनुसार दोन मीटर किंवा त्याहून अधिक उंचीवरून माणूस पडू शकेल अशी परांची दर सात दिवसांनी तपासावी लागते. तो नियम चांगलाच आहे. पण परांचीवर माणूस उभा असतो, टेकूवर इमारत. दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि पाच इंच जाडीचा स्लॅब घ्या. सळईसह त्याचे वजन सुमारे २५ टन भरते. माणसे, घमेली, व्हायब्रेटर वेगळे. हे वजन एका दिवसात टेकूंवर येते आणि काँक्रीट पुरेसे घट्ट होईपर्यंत तिथेच राहते. एक टेकू खचला की त्याचा भार शेजारच्यावर जातो, तो झुकला की त्याच्या शेजारच्यावर. सोमवारी तपासले आणि गुरुवारी पाऊस झाला, तर सोमवारच्या सहीला काही अर्थ उरत नाही.

आपल्या भागात तर मुळीच नाही. २०२१ च्या जुलैमध्ये शेजारच्या महाबळेश्वरात चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पाचगणीत इतका पडत नाही, पण डोंगरउताराची लाल माती पाणी प्यायली की फळीखालून कधी सरकते ते वरून दिसत नाही. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याखाली १९९८ साली जे केंद्रीय नियम झाले, त्यांनी हे ओळखले होते. वापरापूर्वी तपासा, ठरावीक काळाने तपासा, आणि बदल केल्यावर, मोडतोड झाल्यावर, खराब हवामानानंतर किंवा भूकंपानंतर पुन्हा तपासा, असा त्यांचा रोख होता. कोयनेचे हादरे ज्यांनी घरात बसून अनुभवले आहेत, त्यांना भूकंपाचा उल्लेख कागदी वाटणार नाही.

म्हणून आमचे मत असे की टेकूंची तपासणी कॅलेंडरवर सोडू नये. काम चालू असेल तर रोज सकाळी एक फेरी. काँक्रीट टाकण्याआधी सक्षम माणसाकडून पूर्ण तपासणी, आणि टाकताना बाजूला सुरक्षित जागी उभा राहून टेकूंवर नजर ठेवणारा एक माणूस, ज्याच्या एका हाकेवर काम थांबेल. पाऊस, हादरा किंवा मोठ्या खंडानंतर पुन्हा पहिल्यापासून. पावसाळाभर उभा राहिलेला सांगाडा जुना नव्हे, नवाच समजावा. आणि ज्याने टेकू लावले त्याच्याच शब्दावर भागवू नये; दुसऱ्या डोळ्यांनी पाहायला हवे.

टेकू काढण्याची घाई हा वेगळा रोग आहे. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून लांब स्लॅबखालचे १४ दिवस ठेवायला सांगितले आहे. पण त्याला अट आहे: साधे पोर्टलँड सिमेंट, नीट पाणी मारणे आणि १५ अंशांखाली न जाणारे तापमान. डिसेंबर-जानेवारीत पाचगणीच्या रात्री १५ अंशांवर थांबत नाहीत, आणि दुकानात मिळणारे सिमेंट अनेकदा राखमिश्रित असते. म्हणजे इथे दिवस वाढवायलाच हवेत. मिस्त्रीला पुढच्या साइटवर जॅक हवे असतात, हे उत्तर नव्हे.

हे आपल्या अंकात कशाला, असे काहींना वाटेल. २९ जुलै २०१६ रोजी पुण्यात बालेवाडीला वरच्या मजल्यावर स्लॅबचे काम चालू असताना तो कोसळला आणि नऊ कामगार मेले. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री येरवड्यात तळघराच्या पायासाठी उभारलेली सळईची अजस्र जाळी कामगारांवर कोसळली. त्यात पाच जण गेले, सगळे बिहारचे. त्यांची नावे वाचताना ती आपल्याच गल्लीतली वाटत होती. सेंटरिंग, सळई, प्लास्टर, रंगकाम यांत आपली किती मुले आहेत हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

दुसरे कारण घरातले आहे. मशीद, मदरसा, शादीखाना आपण चंदा येईल तसा बांधतो. पैसे संपले की काम थांबते आणि टेकू वर्ष-दोन वर्षे उभे राहतात. खाली मुले सबक घेतात, रमजानात तिथेच इफ्तारच्या सतरंज्या पडतात. कमिटीत इंजिनिअरच्या फीचा विषय निघाला की "अपना ही आदमी है, देख लेगा" म्हणून तो मिटतो. झुंबरासाठी मात्र रक्कम निघते. उद्या काही घडले तर "अल्लाहची मर्जी" म्हणायला आपण मोकळे. तवक्कुलचा असा सोयीचा अर्थ लावणे बेइमानी आहे, असे स्पष्ट लिहिण्याची आमची तयारी आहे. चंदा अमानत असेल, तर त्या छताखाली बसणारे मूल त्याहून मोठी अमानत आहे.

ज्यांच्या हाताला हे काम आहे त्यांनी आणखी एक करावे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. अपघातानंतर मदत मागताना ही नोंद लागते, आणि तेव्हा ती करायला उशीर झालेला असतो.

कमिटीला फार खर्च नाही. एक वही घ्यायची, साइटवर दाराशी टांगायची. तारीख, वेळ, पाऊस झाला होता का, कोणी पाहिले, काय आढळले, सही. ज्या दिवशी सही नाही त्या दिवशी वर कोणी चढायचे नाही आणि खाली कोणी बसायचे नाही. पहिले पान कोण लिहिणार, हे येत्या जुम्याच्या नमाजनंतर पाच मिनिटांत ठरू शकते.