नांग्या भरायच्या का रान मोडायचं?

आज कपाशी-तुरीचं काही नाही. आज वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेचा पट घेऊन बसलोय. वाचा आणि पटलं नाही तर खाली भांडा.

आमची वस्ती बालाघाटाच्या डोंगरात. शाळा पहिली ते चौथी, पट 17. गुरुजींकडून हजेरी मागून घेतली आणि एकेक नाव बघितलं. 17 पैकी 11 मुली. 12 लेकरं ऊसतोड्यांची, 4 मजुरांची न् कोरडवाहूवाल्यांची, आणि एक माझी पोरगी. ज्याच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं, अशा एकाही घरचा मुलगा त्या पटावर नाही. आमची 14 पोरं सकाळी पिवळ्या बसने तालुक्याला इंग्रजी शाळेत जातात. त्यात माझा पोरगा पण आहे. मुलगा बसमध्ये, मुलगी वस्तीवर. हे मीच केलंय, म्हणून आधी स्वतःलाच बोलतो.

आता हिशोब करा. 17 आणि 14 किती? 31. म्हणजे पोरं कमी नाहीत, वाटली गेलीत. आणि पाराखाली बसून आपणच म्हणतो, "सतरा पोरांसाठी दोन मास्तर कशाला?" अहो, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे, 60 पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक. ती काय मेहरबानी नाही.

20 च्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची टूम 2023 मध्ये सरकारने काढली. पानशेत आणि तोरणमाळचा दाखला दिला. कागदावर बरं दिसतं, मोठी इमारत, बस, खेळायला मैदान. पण आमच्या घाटात पावसाळ्यात ओढा आला की एसटी फिरकत नाही. त्या 11 मुलींपैकी रोज किती जणी जातील? दोन महिने जातील, मग धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसतील.

दुसरं असं, पट मोजतात 30 सप्टेंबरला. दसरा झाला की टोळ्या हलतात. उचल घेतलेली, कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, मग लेकरू कुणाकडे ठेवणार? ज्याची आजी धड आहे त्याचं राहतं, बाकीची फडावर. दिवाळीनंतर वर्गात आठ पोरं दिसतात. साहेब जानेवारीत येतो आणि म्हणतो, "शाळा ओस पडली." शाळा ओस नाही साहेब, गाव कारखान्याला गेलंय. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण ती टोळी हलायच्या आधी चालू झाली तरच कामाची. पोरं गेल्यावर भांडी येऊन काय उपयोग?

कपाशीची उगवण विरळ झाली तर आपण काय करतो? बी कसं होतं, ओल किती होती, खोल पडलं का, हे बघतो. आठ-दहा दिवसांत नांग्या भरतो. रान मोडून शेजाऱ्याच्या बांधात दोन रोपं लावून येत नाही. इथे कृषी सहायक, कृषी विद्यापीठाची मंडळी वाचतात, त्यांना विचारतो. नुसत्या रोपसंख्येवर पिकाचा निकाल देता का तुम्ही? मग शाळेचा का द्यायचा?

करायचं काय, ते सांगतो. पटाचा आकडा सांगताना किती मुली, किती ऊसतोड्यांची, हे पण ग्रामसभेत वाचून दाखवायचं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांनी वसतिगृहाचा ठराव पोळ्याच्या आधी पाठवायचा. आणि बसवाल्यांनी, म्हणजे आपण, एकेक पोरगं तरी परत आणायचं.

माझा जूनपासून वस्तीवरच्या शाळेत बसणार. घरात भांडण चालू आहे, पण दाखला काढायला अर्ज दिलाय.

तुमच्या शाळेची हजेरी बघा आणि खाली लिहा. नुसता पट नको, कोणाची पोरं आहेत ते लिहा.