हप्ते मालकाचे थकले, घर भाडेकरूचे गेले

मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरांतल्या चौकटी असतात. वर ‘ताबा नोटीस’ असे ठळक शीर्षक. खाली बँकेचे नाव, कर्जदार, सहकर्जदार, जामीनदार, थकबाकीचा आकडा, फ्लॅटचा क्रमांक, सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा. पनवेल, उरण, पेण, अलिबाग ही नावे या चौकटींत वरचेवर दिसतात. शेवटी सर्वसामान्य जनतेला इशारा असतो, की या मालमत्तेशी कोणताही व्यवहार करू नये. त्या घरात आज कोण राहते, कुणाची मुले तिथून शाळेत जातात, याबद्दल चौकटीत अक्षरही नसते.

हीच नोटीस घराच्या दर्शनी दारावर चिकटवावी, असा नियम आहे. मालकाने या घरावर कर्ज काढले होते आणि ते थकले आहे, हे अनेक भाडेकरूंना दारावरचा तो कागद वाचूनच पहिल्यांदा कळते.

रायगडच्या किनारपट्टीवर भाड्याने राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. उरणचे बंदर आणि भोवतालची कंटेनर यार्डे, थळचा खत कारखाना, डोलवीचा पोलाद कारखाना, रोह्याजवळची धाटावची एमआयडीसी, तळोज्याची कारखानदारी, यांत काम करणारे हजारो जण पगारातून भाडे भरून राहतात. दुसऱ्या बाजूला मुंबईतल्या नोकरदाराने गुंतवणूक म्हणून इथे कर्जावर फ्लॅट घ्यायचा आणि भाड्यातून हप्ता भागवायचा, हा हिशेब आता जुना झाला आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि या हिशेबाला आणखी जोर आला. मालकाची नोकरी गेली किंवा धंदा बसला, की पहिला थकतो तो या दुसऱ्या घराचा हप्ता. त्याचे स्वतःचे बिऱ्हाड दुसरीकडे सुरक्षित असते. उघड्यावर येतो तो भाडेकरू.

कायद्याचे वेळापत्रक पाहिले, की अन्याय नेमका कुठे होतो ते दिसते. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला, की बँक ते कर्ज अनुत्पादक ठरवते. त्यानंतर, तारण मालमत्तेतून कर्जवसुलीसाठीच्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस जाते. ती मुदत संपल्यावर बँक ताबा घेऊ शकते, आणि प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. म्हणजे किमान पाच महिने मालकाला आणि बँकेला पुढे काय येणार ते ठाऊक असते. त्या पाच महिन्यांत भाडेकरू दर महिन्याला मुकाट्याने भाडे भरत राहतो. ते पैसे मालकाच्या खिशात जातात, कर्जात जातातच असे नाही. करार संपत आला असेल, तर मालक नवा करार करून वाढीव अनामतही घेतो. १३(२) ची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाडेपट्ट्याने द्यायला कायद्याची मनाई आहे. पण ही मनाई भाडेकरूला कोण सांगणार?

भाडेकरूला हक्कच नाहीत, असे मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयात गेलेली यातली महत्त्वाची प्रकरणे मुंबईतूनच उभी राहिली. जानेवारी २०१६ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले, की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूला सरफेसीचा बडगा दाखवून बाहेर काढता येणार नाही. त्याच वर्षी संसदेने कायद्यात कलम १७(४ए) घातले आणि भाडेकरूला कर्ज वसुली न्यायाधिकरणासमोर आपला हक्क मांडण्याची वाट मिळाली. सप्टेंबर २०१९ मध्ये सेंट्रल बँकेच्या प्रकरणात न्यायालयाने चौकट आणखी नेमकी केली. गहाणाच्या आधीपासूनची वैध भाडेदारी असेल, तर ती टिकते. गहाणानंतरची पण नोटिशीच्या आधीची असेल, तर ती मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६५ए च्या अटींत बसली पाहिजे. तोंडी करारावर किंवा नोंदणी नसलेल्या कागदावर वर्षापलीकडचा दावा चालत नाही. त्या प्रकरणातल्या भाडेकरूचा दावा तोंडी कराराचा होता, आणि तो हरला.

निकाल वाचताना दिलासा वाटतो, पण पनवेल-उरणच्या इमारतींत चौकशी केली, की तो विरतो. इथे जवळपास सगळे ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहतात. अकरा महिन्यांचा हा परवाना वापरापुरता असतो. त्यातून घरात भाडेदारीचा हक्क निर्माण होत नाही. म्हणून न्यायालयांनी भाडेकरूंसाठी उघडलेली दारे या लोकांना बहुतेक बंदच असतात.

सगळ्यात मोठा फटका मात्र हेवी डिपॉझिटवाल्यांना बसतो. दरमहा भाडे झेपत नाही म्हणून गावची जमीन विकून, दागिने मोडून, पीएफमधून उचलून मालकाला चार-पाच लाख एकरकमी द्यायचे आणि नाममात्र भाड्यात राहायचे, ही पद्धत पनवेल पट्ट्यात रुळलेली आहे. घर बँकेने ताब्यात घेतले, की ही रक्कम मालकाकडून वसूल करायची असते; आणि त्याच्याकडे पैसे असते, तर त्याने हप्ते थकवले नसते. बँक अनामत परत करायला बांधील नाही. लिलावात घर घेणाराही नाही. शिवाय कलम ६५ए म्हणते, की गहाण ठेवलेल्या घराचा भाडेपट्टा वाजवी भाड्याचा हवा आणि भाडे आगाऊ घेतलेले नसावे. त्यामुळे नाममात्र भाड्याच्या व्यवहारावर बँकेचे वकील पहिले बोट इथेच ठेवतात.

सरकारला या अनामत रकमेची कल्पना नाही, असे म्हणायची सोय नाही. लिव्ह अँड लायसन्सचे मुद्रांक शुल्क काढताना परतफेडीच्या अनामतीवर दरसाल १० टक्के व्याज धरले जाते आणि त्या रकमेवरही ०.२५ टक्के शुल्क घेतले जाते. पाच लाखांच्या अनामतीवर वर्षाचे पन्नास हजार मोजूनच ही वसुली होते. ज्या रकमेवर शासन शुल्क घेते, त्या रकमेला शासनाचे संरक्षण शून्य. पेण अर्बन आणि पनवेलची कर्नाळा नागरी या सहकारी बँका बुडताना रायगडच्या ठेवीदारांनी काय सोसले, हे जिल्हा विसरलेला नाही. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. मालकाकडे ठेवलेल्या पाच लाखांना तो नाही.

आणि बँकेच्या ताब्याविरुद्ध दाद मागायची कुठे? दिवाणी न्यायालयाला या बाबतीत अधिकार नाही. महाराष्ट्रात कर्ज वसुली न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. रायगडात एकही नाही. मुरूड किंवा श्रीवर्धनच्या माणसाने रजा टाकायची, मुंबईची वाट धरायची, वकील गाठायचा, आणि तेही ४५ दिवसांच्या आत. सहकारी बँकांनाही सरफेसी लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये सांगितले. त्यामुळे घर तालुक्याच्या बँकेकडे गहाण असले, तरी भाडेकरूची पायपीट तीच.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न सोडवला आहे. २००८ च्या मंदीत अमेरिकेत लाखो घरे जप्त झाली, तेव्हा भाडे नियमित भरणारी कुटुंबेही रस्त्यावर आली. मे २००९ मध्ये तिथे कायदा झाला: प्रामाणिक भाडेकरूला किमान ९० दिवसांची नोटीस द्यायची, आणि नवा मालक स्वतः राहायला येणार नसेल, तर कराराची मुदत पाळायची. मधल्या काळात लोपलेला हा कायदा २०१८ मध्ये कायमचा करण्यात आला. ब्रिटनने २०१० मध्ये कायदा करून, कर्ज देणाऱ्या संस्थेची संमती नसलेल्या भाडेकरूलाही दोन महिन्यांपर्यंतची सवलत दिली. या कायद्यांनी तिथे बँकांचे दिवाळे निघाले नाही.

आपल्याकडे संसदेने सरफेसीत अशी तरतूद करायला हवी, आणि ती परवानाधारकांनाही लागू हवी. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. कलम १४ च्या अर्जासोबत बँकेने नऊ मुद्द्यांचे शपथपत्र द्यायचे असते. कर्ज किती, गहाण कधी, थकबाकी किती, नोटीस दिली का, असे ते मुद्दे आहेत. घरात कोण राहते, हा त्यात नाही. तो दहावा मुद्दा व्हायला हवा. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी हक्काचा निवाडा करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०२२ मध्ये बजावले आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र राहणाऱ्याला खबर देणे म्हणजे निवाडा नव्हे. भाडेकरूचे नाव शासनाकडे दोन ठिकाणी असते: करार नोंदवला, तेव्हा दुय्यम निबंधकाकडे, आणि मालकाने माहिती दिली असेल, तर पोलीस ठाण्यात. तहसीलदार आणि मंडळ अधिकारी पोलीस बंदोबस्त घेऊन कुलूप लावायला जातात, त्याआधी महिनाभर त्या नावावर एक पत्र पाठवणे अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला अवघड नाही.

बँकांचाही यात तोटा नाही. आपल्याला फसवले गेले अशी खात्री झालेला भाडेकरू दार अडवून बसतो, अर्ज करतो, आणि ‘जसे आहे, जेथे आहे’ तत्त्वावर काढलेल्या लिलावाला गिऱ्हाईक मिळत नाही. वेळेत कळलेला माणूस सामानाची बांधाबांध करून निघतो.

तोवर भाड्याने घर घेणाऱ्यांनी एवढे तरी करावे. टोकन देण्याआधी घराच्या नोंदणीचा गोषवारा, म्हणजे इंडेक्स टू, पाहावा. एप्रिल २०१३ पासून हक्कलेख ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचनाही दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते. गावातले घर असेल, तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा आहे का ते पाहावे. सोसायटीच्या सेक्रेटरीला सरळ विचारावे. करार नोंदवल्याशिवाय किल्ली घेऊ नये. नोंदणी ही १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. भाडे आणि अनामत बँकेतूनच द्यावी आणि कर्जाच्या घरात हेवी डिपॉझिट गुंतवू नये. दारावर नोटीस लागलीच, तर तिचा तारखेसह फोटो काढून त्याच आठवड्यात वकील गाठावा. दाद मागायची ४५ दिवसांची मुदत मालकाच्या ‘मी बघतो’वर वाया घालवू नये.