कॉफी कोठली, हे विचारावे

आंबा देवगडचा की रत्नागिरीचा, यावर मराठी घरांत हिरिरीने वाद होतात. कॉफी विकत घेताना मात्र तेच चोखंदळ ग्राहक केवळ दर पाहतात. कॉफीची चव म्हणजे भाजणीची आणि दूध-साखरेची करामत, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. भाजणीला महत्त्व आहेच. परंतु फळ ज्या मातीत, ज्या उंचीवर आणि ज्या हवेत पिकले, त्याची खूणही पेल्यात उतरते.

सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणल्याची परंपरागत कथा कर्नाटकातील ज्या डोंगरांशी निगडित आहे, त्या बाबाबुदनगिरीच्या उंच उतारांवर अरेबिका सावकाश पिकते. तिच्या सौम्य चवीत चॉकलेटची छटा आढळते. वायनाडमध्ये मुळात जातच निराळी. तेथील रोबस्टा दाट व कडवट असून तिच्यात अरेबिकाच्या सुमारे दुप्पट कॅफिन असते. मान्सून मलबारची हकीकत तर आगळीच आहे. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना कित्येक महिने दमट सागरी हवेत बिया फुगत, पिवळसर होत आणि त्यांचा आंबटपणा ओसरे. पुढे वाफेची जहाजे आली, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, प्रवास आटोपशीर झाला आणि ती चव हरपली. म्हणून पश्चिम किनाऱ्यावरील गोदामांत पावसाळी वाऱ्यावर बिया पसरून ती मुद्दाम घडविली जाऊ लागली.

इतके वैविध्य असूनही ते ग्राहकापर्यंत फारसे पोहोचले नाही, यास कारण आहे. १९४२ च्या कॉफी कायद्याखाली उत्पादकांचा माल कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात जमा होई. विक्रीची हमी लाभली. पण मळ्याचे नाव पुसले गेले. हे बंधन १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने उठले. २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी व आंध्र प्रदेशातील अराकू खोरे येथील अरेबिका आणि वायनाडची रोबस्टा, अशा पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळाले.

तथापि मानांकन म्हणजे बाजारभाव नव्हे. निनावी मालाचा दर न्यूयॉर्क व लंडन येथील वायदेबाजारांबरोबर हेलकावतो, आणि भारतातील बहुसंख्य कॉफी उत्पादक छोटे शेतकरी आहेत. दराची ही घसरण सोसण्याची ताकद त्यांच्यात बेताचीच असते. प्रदेशाचे नाव पाहून चार पैसे अधिक मोजणारा ग्राहक हाच त्यांचा खरा आधार होय.

त्यासाठी चवीचा पंडित होण्याची गरज नाही. दोन प्रदेशांची, सारखी भाजलेली शुद्ध कॉफी सारख्याच प्रमाणात, दूध-साखरेविना करावी आणि किंचित निवल्यावर आलटून पालटून चाखावी. फरक आपोआप जाणवतो. चिकोरीमिश्रित फिल्टर कॉफीची गोडी त्याने उणावत नाही. फक्त पाकिटावरील चिकोरीचे प्रमाण वाचून घ्यावे. आणि दुकानात, आंब्याच्या पेटीपुढे उभे राहून जो प्रश्न सहज विचारला जातो, तोच कॉफीबाबतही विचारावा: ही कोठली? प्रश्न वारंवार विचारला गेला, तरच पाकिटावर उत्तर छापले जाईल.