जुन्या गिटारीचें कूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, असें आपले वाडवडील सांगत आले. ऋषी व नदी यांच्यापुरता हा उपदेश योग्यच आहे. कारण त्यांची खरेदीविक्री होत नाहीं. परंतु जी वस्तु पैसे मोजून एका हातांतून दुसऱ्या हातांत जाते, तिचें कूळ विचारणें हें गिऱ्हाइकाचें कर्तव्यच होय. आमच्या मुलुंडांतील एखाद्या विद्यार्थ्यास विजेच्या गिटारीची हौस लागली व नवी घेण्याची ऐपत नसली, म्हणजे मध्य रेल्वेच्या गाडीनें सँडहर्स्ट रोडला उतरून चोरबाजार धुंडाळावा, अथवा ओळखीच्या वादकाची जुनी गिटार घ्यावी, असा विचार घरांत सुरू होतो. अशा गिटारीच्या माथ्यावर पुष्कळदां एखादें थोर विलायती नांव झळकत असतें, आणि त्या नांवापायीं वडिलांच्या खिशांतून जास्तीचे रुपये जातात. म्हणून त्या नांवावर विश्वास किती ठेवावा, याचा विचार करणें अगत्याचें आहे.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, विजेच्या गिटारीची घडणच अदलाबदलीस अनुकूल आहे. पोलादी तार लोहचुंबकावर कंप पावली म्हणजे चुंबकाभोंवतीं गुंडाळलेल्या तारेच्या वेटोळ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, व तोच पुढें ध्वनिवर्धकांतून ऐकूं येतो. या तत्त्वावरील गिटार अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें १९३१-३२ च्या सुमारास तयार झाली. पुढें १९५० सालीं लिओ फेंडर यांनीं भरीव लांकडाची गिटार बाजारांत आणली. तिची मान धडाला डिंकानें चिकटविलेली नसून चार स्क्रूंनीं बसविलेली होती. मान झिजली तर ती काढावी व दुसरी बसवावी, अशी ही सोय. परंतु जी सोय दुरुस्तीची, तीच सरमिसळीचीही. गिब्सन कंपनीच्या गिटारींची मान बहुधा चिकटविलेली असते खरी. तथापि खुंट्या, घोडी, पिकअप व आवाजाच्या कळा यांची अदलाबदल तेथेंही सहज होते.

आपल्या देशांत या सरमिसळीस आणखी एक कारण घडलें. व्हॅन शिप्ले यांच्यासारख्या वादकांनीं हिंदी चित्रपटगीतें विजेच्या गिटारीवर वाजवून तिचा नाद लोकांच्या कानांत भरविला. परंतु १९९१ पूर्वीं परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. मोडलेल्या भागाऐवजीं तसाच भाग मिळणें दुर्घट, म्हणून कारागिरानें जें हातीं लागलें तें बसविलें. ही लबाडी नव्हती. ही निकड होती.

आतां परीक्षा कशी करावी? माथ्यावरील नांव हा सर्वांत दुबळा साक्षीदार समजावा. तें पुष्कळदां एका पातळ चित्रपट्टीचें असतें, व तशी पट्टी कोणीही चिकटवूं शकतो. शिवाय नांव घाईनें वाचूं नये. अमेरिकेची गिब्सन वेगळी व कलकत्त्याची गिव्हसन वेगळी. माथ्याचा आकारही पुरावा नव्हे. त्याची नक्कल इतकी होई कीं १९७७ सालीं गिब्सनच्या मालकांनीं इबानेझ गिटारी विकणाऱ्या कंपनीवर अमेरिकेंत त्याबद्दल दावा लावला. नांव खरें असलें तरी देश निश्चित होत नाहीं. कारण १९८२ पासून फेंडर नांवाच्या गिटारी जपानांतही होऊं लागल्या. क्रमांकाचीही तीच गत. फेंडरच्या जुन्या गिटारींवर तो मानेच्या स्क्रूंखालील धातूच्या पट्टीवर असे, आणि चार स्क्रू काढले कीं पट्टी दुसऱ्या गिटारीवर जाऊं शकते.

खरी साक्ष आंत असते. जाणत्या माणसाकडून, तारा सैल करून, मान उतरवून घ्यावी. तिच्या बुडाशीं कित्येकदां पेन्सिलीनें लिहिलेली वा शिक्क्यानें उठविलेली तारीख आढळते. धडाच्या पोकळींतील रंग बाहेरच्या रंगाशीं जुळतो काय, बुजविलेलीं जुनीं भोकें आहेत काय, झाळकाम एकदांचें कीं दोनदांचें, हें पाहावें. आवाजाच्या कळेच्या पाठीवरही आंकडे असतात. समजा, तेथें १३७६६३२ असें आहे. पहिले १३७ हे सी.टी.एस. या अमेरिकन कारखान्याचे. ६६ म्हणजे १९६६ साल. ३२ म्हणजे त्या वर्षाचा बत्तिसावा आठवडा. यावरून एवढेंच सिद्ध होतें कीं, ती कळ त्यापूर्वींची नव्हे, व ती मूळचीच असेल तर गिटारही त्यापूर्वींची नव्हे. एका साक्षीदाराच्या शब्दावर न्यायाधीश निकाल देत नाहीं. मान, धड, कळा व पिकअप या चौघांची साक्ष जुळली तरच कुळाविषयीं कांहीं म्हणावें.

आणि साक्ष जुळली नाहीं तर? गिटार टाकाऊ ठरली, असें कित्येकांस वाटतें. आम्हांस तें मान्य नाहीं. जी हार्मोनियम आपल्या नाट्यसंगीताची सोबतीण झाली, तिचें मूळ वाद्य १८४० च्या सुमारास पॅरिस येथें दबें यांनीं सिद्ध केलें. हातानें भाता ओढण्याचें तिचें रूप कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं प्रचारांत आणलें. आणि तिचे सूर कित्येकदां गुजराथेंतील पालिताण्याचे असतात. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या बाजूचा असतो; म्हणून तंबोरा मिरजेचा नव्हे, असें कोणी म्हणत नाहीं. संमिश्र असणें हा दोष नव्हे. चार ठिकाणच्या वस्तूंस एकाच मोठ्या घराण्याचें नांव लावून पैसे घेणें हा मात्र दोष आहे. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, अशी ती गोष्ट होते.

तेव्हां पालकांनीं नांवाची किंमत देऊं नये, वाद्याची द्यावी. मान सरळ आहे काय, प्रत्येक पडद्यावर स्वर शुद्ध उमटतो काय, कळ फिरवितांना खरखर होते काय, हें पाहून मोल ठरवावें. शिकणाऱ्या बोटांस चांगली संमिश्र गिटार पुरेशी आहे; खोटें कूळ मिरविणारी महाग गिटार त्यांस एकही स्वर अधिक देणार नाहीं.

विद्यार्थिमित्रांस एक विनंती अधिक. आज तुम्ही जुनें वाद्य विकत घेतां. उद्यां तेंच तुम्ही आपल्याहून लहान विद्यार्थ्यास विकाल. त्या वेळीं माथ्यावरील नांवामागें लपूं नका. कोणता भाग कोठला, कोणता केव्हां बदलला, हें एका कागदावर लिहून वाद्याबरोबर द्या. जें ठाऊक नाहीं, तें ठाऊक नाहीं म्हणून लिहा. असा कागद सोबत असलेली गिटार कोणत्याही कुळाची असो, ती प्रामाणिक घरांतून आली एवढें तरी घेणाऱ्यास निश्चित समजेल.