रात्र कुणाला माहीत आहे?

बुद्धपौर्णिमेच्या रात्री यावल अभयारण्यात मचाणांवर बसून पाणवठ्यावर येणारी जनावरे मोजतात. मोठ्या शहरांतून तर रात्रीच्या रानफेऱ्या निघतात. वाटाड्या वटवाघळे, घुबडे दाखवतो आणि लोक त्याचे पैसे मोजतात.

हे वाचून मला प्रथम हसू आले. माझे वडील हिवाळाभर रात्रीच चालतात. वीज रात्रीची, म्हणून गव्हाला पाणी रात्री भरावे लागते. रानफेरीला बूट सक्तीचे असतात. वडिलांच्या पायांत चपला असतात. पिंगळा कोणत्या झाडावरून ओरडेल, चैत्रात मोह फुलला की मोठी वटवाघळे कुठून येतील, हे त्यांना पाठ आहे. पण कॉलेजात हे सांगायला मी लाजत होतो. आज त्या लाजेचीच लाज वाटते.

पुस्तकांनीही मला काही दिले, हे खरे. लहान वटवाघूळ आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर किडे पकडते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना उंदरांच्या पंक्तीला, उपद्रवी यादीत बसवले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. हे सांगितले तेव्हा वडील म्हणाले, "एवढं कळायला पन्नास वर्षं लागली?"

मित्रहो, आपल्या महाविद्यालयानेही रानफेरी काढावी. गुरुजनांनी पुस्तक आणावे. पण पुढे मात्र शेतातला राखणदार किंवा सातपुड्यातला पावरा बांधव चालावा. आणि त्याची बोळवण चहावर न करता त्याला व्याख्यात्याचे मानधन द्यावे.