औषध थांबवायला कोण शिकवणार?

दसरा-दिवाळीच्या सुमाराला खर्ड्याच्या रस्त्यांवर दोन्हीकडून गर्दी असते. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरं एसटीतून उतरतात, आणि ऊसतोडीला निघालेली जोडपी ट्रॅक्टरमध्ये संसार भरून कारखान्यांची वाट धरतात. सण सरला की दोन्ही घरांत उरतात ती म्हातारी माणसं, त्यांच्या जिवावर सोडलेली नातवंडं आणि खुंटीला टांगलेली औषधांची पिशवी. यंदाच्या अंकाचा विषय ही पिशवी आहे. सणासुदीला दुखण्याचा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पण तिच्याकडे निवांत बघायला घरात चार माणसं असतात, ती याच दिवसांत.

पिशवी खाटेवर ओतून बघा. बीपीची गोळी जामखेडच्या डॉक्टरांनी दिलेली, शुगरची सरकारी दवाखान्यातली. गुडघ्यासाठीची मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेली. झोपेची गोळी मागच्या आजारपणात सुरू झाली, ती चालूच आहे. काही पाकिटं अशी कापलेली, की नाव गेलं आणि नुसते मिलिग्रॅम उरले. प्रत्येक गोळी दिली तेव्हा तिला कारण होतं. सगळ्या मिळून अंगात काय करतात, ते मात्र कुणी बघितलेलं नसतं.

वय वाढतं तसं मूत्रपिंडाचं काम मंदावतं, अंगातलं पाणी घटतं आणि चरबीचं प्रमाण वाढतं. त्यामुळे डायझेपामसारखी झोपेची गोळी शरीरात रेंगाळते. आजी सकाळी उठताना तोल जाऊन पडते आणि खुब्याचं हाड मोडतं. ग्लिबेनक्लामाइड घेऊन न जेवता झोपलेल्या आजोबांची साखर रात्रीतून धोक्याइतकी उतरू शकते. बीपीच्या काही गोळ्या आणि लघवीची गोळी चालू असताना डायक्लोफिनॅकची भर पडली, तर मूत्रपिंडावर तिहेरी मार बसतो. आणखी एक साखळी आहे. अॅम्लोडिपिनने पाय सुजतात, सूज हा नवा आजार समजून लघवीची गोळी सुरू होते, तिने चक्कर येते आणि चक्करेवर तिसरी गोळी येते. पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात अशा साखळ्या दाखवून दिल्या. त्याआधी, १९९१ मध्ये, अमेरिकेत मार्क बिअर्स यांनी वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली होती. २००८ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या डॉक्टरांनी काय थांबवावं आणि काय राहून गेलं ते सुरू करावं, अशी दुहेरी यादी दिली.

११ मार्च १७९५ रोजी आपल्या खर्ड्याच्या रणात शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन आपापल्या फौजा घेऊन एका मसलतीने लढले, म्हणून निजामाला हटावं लागलं. आजीच्या अंगात चार डॉक्टर चार बाजूंनी लढतात आणि मसलत कुणाचीच नसते.

दोष एकट्यादुकट्या डॉक्टरचा नाही. इंग्लंडमधल्या १९ रुग्णालयांत सव्वा लाखाच्या आसपास औषधनोंदी तपासल्या गेल्या. २००९ मध्ये त्याचा अहवाल आला. शंभरातल्या जवळपास नऊ नोंदींत चूक निघाली आणि ज्येष्ठ डॉक्टरही त्यातून सुटले नव्हते. एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र शिकवतात ते बहुतेक एका रोगाला एक औषध या हिशेबाने. पाच दुखणी एका देहात नांदत असताना कुठलं औषध काढायचं, हा धडा पुस्तकात मावत नाही. तो घरात, पिशवी समोर ठेवूनच शिकावा लागतो.

याची सोय आता अभ्यासक्रमातच आहे. २०२१-२२ च्या तुकडीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातली काही कुटुंबं दत्तक घ्यायची आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्याकडे जात राहायचं आहे. आपल्या जिल्ह्यात लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. या भेटीत नुसतं बीपी मोजून वहीत आकडा भरण्यापेक्षा विद्यार्थ्याने पिशवी ओतावी, प्रत्येक गोळीचं कारण शोधावं आणि सापडलेलं कोडं आपल्या प्राध्यापकांपुढे मांडावं, अशी आमची मागणी आहे.

घरातून शिकण्याची रीत या तालुक्याला नवी नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं आणि गावातलं दुखणं कसं बघायचं ते स्वतः त्यांच्याकडून शिकले. या कामाला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजीच्या गोळ्या मोजायला तशीच एखादी जाणती शेजारीण हवी.

पेशंट शहाणा झाला की फरक पडतो, याचाही पुरावा आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात वर्षानुवर्षं झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांच्या हाती सोप्या भाषेतली एक पुस्तिका दिली गेली. सहा महिन्यांत त्यांतल्या २७ टक्क्यांनी गोळी बंद केली. पुस्तिका न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात लोकांना गाठलं ते औषधांच्या दुकानांतून. खर्ड्यातले मेडिकलवालेही हे करू शकतात.

एक इशारा मात्र ठळक लिहितो. कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. झोपेची आणि बीपीची काही औषधं एकदम सोडली तर जिवावर बेततं. ती डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू उतरवायची असतात. पाडव्या-भाऊबीजेच्या सवडीत घरातल्या थोरांच्या सगळ्या गोळ्या, पुड्या, काढे, मलमं एका कागदावर उतरवा. तो कागद एकाच डॉक्टरांपुढे ठेवा आणि न बिचकता विचारा, “डॉक्टर, यातलं काय कमी करता येईल?” अंकातले पुढचे लेख हा प्रश्न नीट विचारता यावा म्हणूनच आहेत.

सर्व वाचकांना, आणि यंदाची दिवाळी उसाच्या फडात साजरी करणाऱ्या आपल्या माणसांना, मनापासून शुभेच्छा.

— संपादक